वृद्ध पतीच्या बदललेल्या सवयी

‘हे साखरेच्या डब्यात किल्ल्या ठेवतात, नळ उघडा सोडतात,’ असे पत्नीने सांगताच वैद्याची लेखणी ब्राह्मीकडे वळते. आम्हांस ही घाई मान्य नाही. चरकाचार्यांनी उन्मादनिदानात स्मृतीसमवेत शील, चेष्टा व आचार यांचाही विभ्रम सांगितला आहे. बदल केव्हापासून, हे प्रथम विचारावे. दोन-चार दिवसांत उद्भवलेल्या भ्रमामागे अनेकदा मूत्रमार्गाचा संसर्ग, जलक्षय वा नवे औषध असते. असा रुग्ण त्वरित रुग्णालयात पाठवावा. हळूहळू वाढणाऱ्या विस्मृतीत बी-१२, थायरॉइड व श्रवणही तपासावे. नळाचा आवाज ऐकूच येत नसेल तर दोष स्मृतीचा कसा? क्लोरफेनिरामिनयुक्त सर्दीच्या गोळ्यांनी वृद्धांस भ्रम होऊ शकतो. आपला खुरासानी ओवाही त्यास अपवाद नाही. औषधविक्रेत्यांनी अशी गोळी वारंवार नेणाऱ्या आजोबांस वैद्याकडे धाडावे.