निसेई व युद्धकालीन सैन्यभरती
निसेई : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत स्थायिक झालेल्या जपानी स्थलांतरितांची तेथे जन्मलेली दुसरी पिढी. पहिल्या पिढीस ‘इस्सेई’ म्हणतात. निसेई जन्माने अमेरिकेचे नागरिक होते. इस्सेईंना मात्र वंशाच्या कारणावरून १९५२ पर्यंत सामान्यतः नागरिकत्व मिळू शकत नव्हते. दुसऱ्या महायुद्धात या कुटुंबांवर एकीकडे अविश्वास व दुसरीकडे सैन्यभरतीचा दबाव असे दुहेरी संकट ओढवले.

जपानने ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर हल्ला केल्यानंतर पश्चिम किनाऱ्यावर जपानी वंशाच्या लोकांविषयीचा जुना द्वेष उफाळून आला. राष्ट्राध्यक्ष फ्रँक्लिन रूझवेल्ट यांच्या १९ फेब्रुवारी १९४२ च्या आदेशान्वये सु. १,२०,००० लोकांना तेथून हलवून दहा छावण्यांत ठेवण्यात आले. त्यांपैकी सु. दोन तृतीयांश नागरिक होते. अनेकांना शेते व दुकाने मिळेल त्या किमतीस विकावी लागली. त्याच वर्षी निसेईंना सैन्यभरतीस अपात्र ठरविण्यात आले. हवाई बेटांवर मात्र जपानी वंशाचे लोक लोकसंख्येच्या एक तृतीयांशाहून अधिक असल्याने असे सरसकट स्थलांतर झाले नाही.

फेब्रुवारी १९४३ मध्ये निसेईंची स्वतंत्र ४४२ वी रेजिमेंट उभारण्याची घोषणा झाली आणि छावण्यांतील प्रौढांकडून निष्ठाविषयक प्रश्नावली भरून घेण्यात आली. तीतील २७ वा प्रश्न, आज्ञा होईल तेथे लढण्याची तयारी आहे काय, असा होता. २८ व्या प्रश्नात अमेरिकेशी निष्ठा व्यक्त करून जपानच्या सम्राटावरील निष्ठा त्यागण्यास सांगितले होते. इस्सेईंनी होकार दिल्यास त्यांना कोणताच देश उरत नव्हता. त्यांच्यापुरता हा प्रश्न पुढे बदलण्यात आला. जी निष्ठा कधी बाळगलीच नाही तिचा त्याग करणे म्हणजे ती होती असे कबूल करणे, असे अनेक निसेईंना वाटले. मुलगा युद्धावर जाईल किंवा कुटुंबाची ताटातूट होईल, या भीतीने घराघरांत मतभेद झाले. नकार देणाऱ्यांची रवानगी तूल लेक छावणीत करण्यात आली. हवाईतून सु. १०,००० तरुण स्वेच्छेने पुढे आले. छावण्यांतून मात्र सु. १,२०० च.

जानेवारी १९४४ मध्ये निसेईंना सक्तीची भरती लागू झाली. हार्ट मौंटन छावणीतील काही तरुणांनी, आधी नागरिकत्वाचे हक्क परत द्यावेत, अशी भूमिका घेऊन तीस नकार दिला. त्यांपैकी ६३ जणांना त्याच वर्षी तीन वर्षांची शिक्षा झाली. १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी त्यांना माफी दिली. इटली व फ्रान्समध्ये लढलेल्या निसेई सैनिकांनी मोठा पराक्रम गाजविला. ऑक्टोबर १९४४ मध्ये व्होझ पर्वतात वेढल्या गेलेल्या दोनशेहून अधिक अमेरिकन सैनिकांची सुटका करताना त्यांचे शेकडो जण मृत वा जखमी झाले. त्या वेळी अनेकांचे आईवडील काटेरी तारांच्या आतच होते.

काँग्रेसने नेमलेल्या आयोगाने १९८३ मध्ये या स्थानबद्धतेचे मूळ वांशिक पूर्वग्रह, युद्धज्वर व राजकीय नेतृत्वाचे अपयश यांत असल्याचे नमूद केले. १९८८ च्या कायद्याने शासनाने क्षमा मागून हयात व्यक्तींना प्रत्येकी २०,००० डॉलर देण्याचे ठरविले. भरतीस नकार देणाऱ्यांना समाजातही दीर्घकाळ कलंकित मानले गेले. जपानी अमेरिकन नागरिक संघाने त्यांची जाहीर क्षमा २००२ मध्ये मागितली. लढणारे व नाकारणारे या दोघांचाही दावा समान नागरिकत्वाचाच होता.