गॅलरीतला आवाज कोणाच्या बाजूने?

१ जून २०१८ रोजी मुंबईत, अंधेरीच्या क्रीडा संकुलात भारताच्या फुटबॉल संघाने चायनीज तैपेईला ५-० असे हरवले. कर्णधार सुनील छेत्रीने एकट्याने तीन गोल केले. एवढा मोठा विजय पाहायला मैदानात माणसे होती अवघी २,५६९. दुसऱ्या दिवशी छेत्रीने मोबाइलवरून लोकांना विनवणी केली, की हवे तर आमच्यावर टीका करा, शिव्या द्या, पण मैदानात या. ती चित्रफीत घरोघर पाहिली गेली आणि ४ जूनच्या केनियाविरुद्धच्या सामन्याची सगळी तिकिटे संपली. तो छेत्रीचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता. भर पावसात लोक जागचे हलले नाहीत. मध्यंतरापर्यंत गोल नव्हता, पण शेवटच्या पंचवीस मिनिटांत भारताने तीन गोल केले आणि सामना जिंकला.

वाचकांना वाटेल, हा प्रेक्षकांचाच विजय. पण त्याच स्पर्धेत ७ जूनला न्यूझीलंडविरुद्ध छेत्रीचा गोल होऊनही भारत २-१ असा हरला. मग प्रेक्षकांच्या आवाजात खरेच काही ताकद असते, की ती नुसती बोलायची गोष्ट आहे? आम्ही शिक्षक आहोत. मुलांचे संघ घेऊन मैदानावर जातो आणि काठावर उभ्या असलेल्या पालकांचा आवाजही रोज ऐकतो. त्यामुळे हा प्रश्न आम्हाला जवळचा वाटतो.

रिकाम्या गॅलऱ्यांनी दिलेला पुरावा

आपल्या मैदानावर खेळणाऱ्या संघाचे पारडे जड असते, हे फुटबॉलमध्ये जुने सत्य आहे. त्याची कारणे अनेक. पाहुण्या संघाला प्रवासाचा शीण असतो, मैदान अनोळखी असते, कधी हवाच मानवत नाही. बोलिव्हियाची प्रशासकीय राजधानी ला पाझ समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६०० मीटर उंचीवर आहे. तिथे २००९ साली मेस्सीचा अर्जेंटिना संघ ६-१ असा हरला, त्यात विरळ हवेचा वाटा मोठा मानला जातो. मग यात प्रेक्षकांचा वाटा किती, हे वेगळे काढायचे कसे?

ती संधी कोरोनाने दिली. मे २०२० मध्ये जर्मनीची बुंडेसलिगा रिकाम्या मैदानांवर पुन्हा सुरू झाली, पाठोपाठ इतर देशांतही तसेच सामने झाले. इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा २०२०-२१ चा हंगाम जवळजवळ पूर्ण प्रेक्षकांविना गेला. त्या हंगामातील ३८० सामन्यांपैकी यजमान संघांनी १४४ जिंकले आणि पाहुण्यांनी १५३. इंग्लंडच्या सर्वोच्च लीगच्या शंभराहून अधिक वर्षांच्या इतिहासात पाहुणे यजमानांना वरचढ ठरण्याची ही पहिलीच वेळ होती. मैदाने तीच होती, गवत तेच होते, प्रवासही तसाच होता. नव्हता तो फक्त आवाज.

आवाज पोहोचतो तो पंचांच्या कानापर्यंत

आवाजाने आपल्या खेळाडूंना जोर येतो, असे आपण समजतो. ते काही प्रमाणात खरेही आहे. पण अभ्यासकांना आणखी एक गोष्ट आढळली. २००२ साली इंग्लंडमध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. चाळीस प्रशिक्षित पंचांना एका सामन्यातील ४७ धक्काबुक्कीचे प्रसंग पडद्यावर दाखवले गेले. काहींना प्रेक्षकांच्या गोंगाटासह आणि काहींना आवाज पूर्ण बंद करून. प्रत्येक प्रसंगात फाऊल आहे की नाही, एवढेच सांगायचे होते. गोंगाट ऐकणाऱ्या पंचांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे साडेपंधरा टक्के कमी फाऊल दिले. पाहुण्यांवर त्यांनी मुद्दाम अन्याय केला नाही. पण यजमानांच्या बाबतीत शंका आली की शिट्टी ओठांवरच थांबली.

स्पेनमधील सामन्यांच्या अभ्यासातही असेच दिसले. यजमान संघ एका गोलने मागे असेल, तर पंच शेवटी वाया गेलेल्या वेळेची भरपाई जास्त देत. तो पुढे असेल तर कमी. कोणी लाच घेतली नव्हती, कोणी धमकी दिली नव्हती. हजारो माणसे एका सुरात ओरडतात तेव्हा मनुष्याचा निर्णय नकळत तिकडे झुकतो.

एकच मैदान, अनेक घरे

महाराष्ट्रात फुटबॉलचे खरे वेड पाहायचे तर कोल्हापूरला जावे. तिथले संघ तालमींचे आणि पेठांचे आहेत. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब. ज्या तालमींत कुस्ती घुमली, गणपती बसला आणि मोहरमचे पंजेही बसले, त्याच तालमींनी फुटबॉल जोपासला. २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला.

गंमत अशी, की हे सगळे संघ एकाच मैदानावर, शाहू स्टेडियमवर खेळतात. मैदान कोणा एकाचे नाही. मग ‘घरचे मैदान’ ठरते ते गॅलरीत. ज्या पेठेची माणसे जास्त, ज्यांचा आवाज मोठा, त्यांचे त्या दिवशी घर. या ईर्ष्येने कोल्हापूरचा फुटबॉल जिवंत ठेवला. पण याच ईर्ष्येपोटी तिथे अनेकदा हुल्लडबाजी झाली, समर्थक एकमेकांना भिडले, पोलिसांना मध्ये पडावे लागले. आवाज आणि दगड यांच्यात फार अंतर नसते. १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या सामन्यात गॅलरीत भांडण पेटले आणि सोळा जण प्राणाला मुकले.

घरच्यांच्या अपेक्षेचे ओझे

आवाज कधी आपल्याच मुलांवर उलटतो. १६ जुलै १९५० रोजी ब्राझीलच्या माराकाना मैदानावर तिकीट काढून आलेले १,७३,८५० लोक होते. ब्राझीलला विश्वचषकासाठी फक्त बरोबरी पुरेशी होती. मध्यंतरानंतर ब्राझीलनेच पहिला गोल केला. पुढे उरुग्वेने दोन गोल केले आणि एवढे मोठे मैदान गप्प झाले. गोलरक्षक बार्बोसाला त्या दिवसाचा दोष आयुष्यभर चिकटला.

आमच्या मैदानावर

आता आपल्याकडे येऊ. रामटेकहून नागपूरला जाताना वाटेत कामठी लागते. छावणीच्या या गावात रब्बानी क्लबसारख्या संघांमुळे फुटबॉल पिढ्यान्‌पिढ्या रुजला. शुक्रवारच्या नमाजनंतर मोहल्ल्यात खेळाची चर्चा रंगते, अब्बांच्या काळातले खेळाडू मुलांना नावानिशी ठाऊक असतात. ही मोठी दौलत आहे.

पण शालेय सामन्यांत चित्र वेगळे असते. गावातल्या शाळेच्या मागे अख्खा मोहल्ला उभा असतो. भाऊ, चाचा, मामू सगळे. समोर देवलापारकडच्या जंगलपट्ट्यातून आलेला आश्रमशाळेचा संघ असतो. पहाटे निघून जीपने आलेली मुले, कुणाच्या पायात मापाचे बूट नाहीत. त्यांच्या बाजूने ओरडणारा एकच माणूस असतो, त्यांचे सर. शिट्टी वाजवणारा पंचही बहुतेकदा शेजारच्या शाळेचा मास्तर, ज्याला संध्याकाळी याच रस्त्याने घरी जायचे असते. प्रशिक्षित पंचांची शिट्टी नुसत्या ध्वनिमुद्रित गोंगाटाने अडखळली, तर या मास्तरांचे काय होत असेल? आणि त्या मुलांना न्याय मिळाला नाही, तर आपल्या मुलांच्या हाती आलेल्या चषकाची किंमत ती काय?

म्हणून मुलांचा सामना पाहायला जरूर जा. गॅलरी रिकामी ठेवू नका. अम्मींना आणि बहिणींनाही सोबत न्या. मुली खेळत असतील तेव्हा तर नक्कीच, कारण त्यांच्या सामन्यांना टाळ्या कमीच मिळतात. मोकळ्या गळ्याने ओरडा. फक्त तीन गोष्टी सांभाळा. आपल्या मुलाकडून चेंडू सुटला तर त्याचे नाव घेऊन रागावू नका; त्या क्षणी त्याला सगळ्या मैदानात तुमचाच आवाज ऐकू येतो. पंचाला उद्देशून एकही शब्द बोलू नका. त्याचा कान मोकळा राहू द्या. आणि पाहुण्या संघाने चांगली चाल केली, तर एक टाळी त्यांच्यासाठीही वाजवा.

अंधेरीत छेत्रीने लोकांना मैदानात बोलावले ते भारतीय संघासाठी. आपल्या तालुक्यात तेच निमंत्रण थोडे मोठे करावे लागेल. गॅलरीतला आवाज आपल्या मुलांचा तर असावाच, पण पहाटे निघून आलेल्या त्या अकरा मुलांनाही तो परका वाटू नये.