हायकोर्ट कोल्हापुरात आले, म्हणजे काय झाले?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. म्हण जुनी आहे आणि ती भोगलेल्या माणसांनीच केली असणार. पण शहाणा घरी बसला आणि शेजाऱ्याने बांध रेटला, तर शहाण्याची जमीन गेलीच की! म्हणून कोर्टाची पायरी कुठे आहे, किती आहेत आणि कोणती कधी चढायची, एवढे तरी आपल्याला ठाऊक पाहिजे.

आपल्या भागात या पायऱ्यांमध्ये मोठा बदल झाला तो २०२५ साली. त्या वर्षी १७ ऑगस्टला कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे उद्घाटन झाले. देशाचे त्या वेळचे सरन्यायाधीश भूषण गवई त्यासाठी आले होते. दुसऱ्या दिवशी, १८ ऑगस्टला, काम सुरू झाले. उच्च न्यायालय म्हणजेच आपण ज्याला हायकोर्ट म्हणतो ते. बेंच म्हणजे न्यायमूर्तींचे पीठ. सर्किट म्हणजे फेरी. हायकोर्टाचे मुख्य ठाणे मुंबईतच राहते, पण तिथले न्यायमूर्ती नेमून दिल्याप्रमाणे येऊन इथे काम चालवतात. म्हणजे कोल्हापूरला वेगळे हायकोर्ट झालेले नाही. मुंबईच्याच हायकोर्टाने आपल्या गावाजवळ बैठक मांडली, असे समजा.

ही बैठक सहा जिल्ह्यांसाठी आहे : कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग.

याआधी काय होत होते ते बघा. मुंबईचे हायकोर्ट १८६२ साली स्थापन झाले. कोल्हापूर त्या वेळी संस्थान होते. संस्थानचे स्वतःचे हायकोर्टही पुढे कोल्हापुरात होते. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि आपली अपिले मुंबईला जाऊ लागली. कोल्हापूर ते मुंबई अंतर पावणेचारशे किलोमीटरच्या पुढे. चंदगड किंवा मालवणच्या माणसाला त्याहून जास्त. रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने निघायचे, सकाळी मुंबईत उतरायचे, तोंड कुठे धुवायचे इथपासून प्रश्न. कोर्टात जावे तर कळायचे, आज नंबर लागला नाही, पुढची तारीख. परत गाडी. भाडे गेले, दोन दिवसांची मजुरी गेली, आणि काम जिथल्या तिथे. पुष्कळ माणसे जिल्ह्याच्या निकालावर गप्प बसली. निकाल पटला म्हणून नव्हे. मुंबई परवडत नाही म्हणून.

दुसऱ्या भागांना ही सोय आधीच मिळाली होती. नागपूरला १९३६ पासून हायकोर्ट होते. महाराष्ट्र राज्य झाल्यावर ते मुंबई हायकोर्टाचे खंडपीठ राहिले. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, १९८१ साली बैठक सुरू झाली. गोव्यात पणजीला १९८२ साली. आपल्या सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी आणि नागरिकांनी चाळीस वर्षांहून जास्त काळ मागणी लावून धरली. मोर्चे झाले, उपोषणे झाली, कामावर बहिष्कार पडले. बहिष्काराच्या दिवसांत पक्षकारांच्या तारखा वाया गेल्या, हेही खरे आहे. ते सोसणारे लोक आपलेच होते. शेवटी हायकोर्टाच्या मुख्य न्यायमूर्तींनी राज्यपालांच्या संमतीने आदेश काढला. तसा अधिकार त्यांना १९५६ सालच्या राज्य पुनर्रचना कायद्याने दिलेला आहे.

आता मुख्य गोष्ट. हायकोर्टात कोणते काम जाते?

समजा, चंदगड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा बांधावरून दावा आहे. तो आधी दिवाणी न्यायाधीशांपुढे चालतो. साक्षी, कागद, मोजणीचा नकाशा, सगळे तिथेच तपासले जाते. निकाल विरुद्ध गेला तर जिल्हा न्यायालयात अपील. त्याला मुदत तीस दिवस. तिथेही हरला तर हायकोर्टात दुसरे अपील. त्याला मुदत नव्वद दिवस. पण इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. दुसऱ्या अपिलात बांध कोणी सरकवला हे पुन्हा तपासत बसत नाहीत. कायद्याचा काही महत्त्वाचा मुद्दा चुकला असेल तरच ते अपील ऐकून घेतात. पुष्कळ जणांना वाटते, वरच्या कोर्टात सगळे पहिल्यापासून होईल. तसे होत नाही. म्हणून खालच्या कोर्टात पुरावा द्यायला हयगय केली, तर ती वर भरून निघत नाही.

फौजदारी कामाचे वेगळे आहे. सेशन्स कोर्टाने शिक्षा दिली तर हायकोर्टात अपिलाला साठ दिवस असतात. फाशीची शिक्षा असेल तर तीसच. सेशन्स कोर्टाने जामीन नाकारला तरी हायकोर्टाकडे अर्ज करता येतो. आमच्या मते या बेंचचा सर्वांत मोठा आधार इथेच आहे. मुलगा तुरुंगात आणि म्हातारी आई गावात, अशा घराला मुंबईचा हेलपाटा म्हणजे दुसरी शिक्षाच होती.

सरकारी अधिकाऱ्याने कायदा सोडून काही केले, तर त्याविरुद्ध हायकोर्टात रिट अर्ज करता येतो. पण त्याआधी कायद्याने दुसरी वाट दिली असेल, तर बहुतेक वेळा हायकोर्ट सांगते, आधी तिकडे जा. सातबाऱ्यावरची फेरफार नोंद चुकली म्हणून कोणी सरळ हायकोर्टात पळू नये. त्याची वाट महसूल खात्यातून जाते, प्रांतसाहेबांकडे अपील करावे लागते.

मुदतीचे हे दिवस निकालाच्या तारखेपासून मोजतात. मात्र निकालाची सहीशिक्क्याची नक्कल मिळायला जे दिवस लागतात, ते त्यातून वजा होतात. म्हणून निकाल लागला की नकलेचा अर्ज लगेच द्यावा, वाट बघत बसू नये. मुदत टळली तर उशिराचे सबळ कारण दाखवून माफी मागता येते. पण ती देणे न देणे कोर्टाच्या हातात. सुगी होती, लग्नसराई होती, असली कारणे तिथे टिकत नाहीत.

हायकोर्ट जवळ आले म्हणून हट्टाने अपील करावे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. दोन हात बांधासाठी चार एकर विकलेली घरे आपल्या सर्वांच्या माहितीत आहेत. काही वाद लोकअदालतीत मिटतात. तिथे दोन्ही बाजू राजी असाव्या लागतात, जबरदस्ती नसते. चालू दावा तिथे मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. आणि एकदा तडजोड झाली की तिच्यावर अपील नाही. म्हणून सही करण्यापूर्वी तडजोडीचा कागद स्वतः वाचा, समजला नाही तर वाचून घ्या.

पैसा नाही म्हणून वकील नाही, असे होण्याचे कारण नाही. १९८७ सालच्या विधी सेवा कायद्याने सरकारी खर्चाने वकील मिळतो. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींची माणसे, अपंग, कारखान्यातले कामगार आणि अटकेत असलेले, यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांना महाराष्ट्रात वर्षाला तीन लाख रुपयांच्या आत उत्पन्न असावे लागते. अर्ज जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुक्याच्या कोर्टातल्या समितीकडे द्यायचा. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते. बाईमाणसाने नवऱ्याच्या किंवा भावाच्या नावाने नव्हे, स्वतःच्या नावाने अर्ज करावा. हक्क तिचा आहे.

एक अंतर मात्र अजून कमी झालेले नाही. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कोर्टात मराठी चालते. हायकोर्टाचे काम घटनेच्या ३४८ व्या कलमाप्रमाणे इंग्रजीत चालते. तुमच्या मराठी कागदांचे भाषांतर करावे लागते, त्याचा खर्च येतो. आणि वकील तुमच्याच जमिनीबद्दल बोलत असताना तुम्ही मागच्या बाकावर बसून नुसते तोंडाकडे बघत राहता. कोर्ट उंबऱ्यापाशी आले, पण आत काय बोलतात ते कळत नाही, हे काही बरे नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ पासून आपले काही निकाल मराठीत आणि इतर भाषांत भाषांतर करून द्यायला सुरुवात केली आहे. ही चांगली सुरुवात आहे. पण ज्याचा दावा, त्याला त्याचा निकाल त्याच्या भाषेत मिळाला पाहिजे, असे आम्हांला वाटते.

तोवर जे मराठीत आहे ते तरी आपण वाचू. वकीलपत्रावर अंगठा उठवण्याचे दिवस तुमचे आता संपले. कोऱ्या कागदावर सही करू नका. दिलेल्या पैशाची पावती मागा. चांगला वकील त्याचा राग धरत नाही. दाव्याचा नंबर आणि पुढची तारीख स्वतःच्या वहीत लिहून ठेवा. प्रत्येक दाव्याला सोळा अक्षर-आकड्यांचा एक सी.एन.आर. क्रमांकही असतो. तो वकिलाकडून मागून घ्या. ई-कोर्ट्स नावाच्या सरकारी ॲपमध्ये तो घातला की मोबाईलवर पुढची तारीख दिसते. त्याला पैसे पडत नाहीत. तारीख कोणती हे विचारायला तालुक्याला हेलपाटा घालायचे कारण राहत नाही. क्रमांक टिपताना शून्य आणि इंग्रजी ओ हे अक्षर यांची गल्लत होते, तेवढे जपून लिहा.