गोळी किती दिवस?

‘गर्दुल्ला’ हा शब्द मराठीला ब्राऊन शुगरने दिला. १९८०च्या दशकात मुंबईत ही ‘गर्द’ पसरली. अनिल अवचटांनी तिच्याविषयी लिहिले आणि मध्यमवर्गीय घरे हादरली. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी ‘मुक्तांगण’ उभे केले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे पाठीशी होते.

कर्जत आणि खोपोली ही लोकलची शेवटची स्थानके. मुंबईतले बरेवाईट गाडीत बसून इथवर येतेच. उपचार मात्र इतक्या सहजी येत नाहीत. मग घरचे म्हणतात, ‘आठ-पंधरा दिवस कोंडून ठेवू, टर्की निघाली की पोरगा सुटला.’

टर्की म्हणजे नशा तुटल्यावरची अंगदुखी, जुलाब, उडालेली झोप. ती ओसरते, मेंदूतली ओढ मात्र महिनोन्‌महिने राहते. धोकाही इथेच असतो. शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. अशात जुन्याच मापाने गर्द घेतली, तर श्वास थांबू शकतो.

म्हणून डॉक्टर बुप्रेनॉर्फिनची गोळी देतात. ती जिभेखाली विरघळते, मेंदूत गर्दचीच जागा अडवते. पण तिचा परिणाम एका मर्यादेपुढे चढत नाही. टर्की लागत नाही, झिंगही येत नाही. याच विचाराचे मेथाडोन न्यूयॉर्कमध्ये डोल आणि निस्वान्डर या डॉक्टरांनी १९६५ साली पुढे आणले. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली ही दोन्ही औषधे अत्यावश्यक यादीत घेतली.

‘म्हणजे एक नशा सोडून दुसरी?’ हा प्रश्न हमखास येतो. शरीराला गोळीची सवय होते, हे खरेच. पण गर्दुल्ल्याचा दिवस पुडी मिळवण्यात जातो; गोळीवरचा माणूस कामावर जाऊ शकतो. कर्जतकरांना हे नवे वाटू नये. वेणगावात डॉ. भरत वाटवानी यांची ‘श्रद्धा’ संस्था रस्त्यावरच्या मनोरुग्णांना औषधांनी सावरून घरी पोचवते. आजार वेगळा, पण औषध चालू आहे म्हणजे माणूस बरा नाही, ही समजूत तिथेही खोटी ठरते.

अडचण आहे ती रोजच्या फेऱ्यांची. सरकारी योजनेत ही गोळी बहुधा केंद्रावर, समोर घ्यावी लागते. खालापुरातल्या कारखान्यातल्या कंत्राटी कामगाराने रोज गाव सोडून जायचे, तर खाडा पडतो. खाडा टाळला, तर गोळी चुकते. २०२०च्या टाळेबंदीत घरी नेण्यासाठी गोळ्या देण्याची मुभा मिळाली होती. म्हणजे मनावर घेतले, तर वाट निघते. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने व्यसनाधीनतेलाही आजारात धरले आहे. मग तिचे औषध तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात का मिळू नये?

गोळी किती दिवस? कुणाला काही महिने, कुणाला अनेक वर्षे. उतरवायची तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू. तोवर घरच्यांनी ‘बंद कधी करणार?’ म्हणून टोचू नये. ‘आज घेतलीस ना?’ एवढे विचारले, तरी त्या पोराला मोठा आधार होतो.