साबण: एका शब्दाची दोन हजार वर्षांची पायपीट

मराठीत साबण, हिंदीत साबुन, अरबीत साबून, स्वाहिलीत साबुनी, ग्रीकमध्ये सापूनी, फ्रेंचमध्ये साव्हाँ, फिनिशमध्ये साइप्पुआ, इंग्रजीत सोप, आणि पार न्यूझीलंडच्या माओरी भाषेत होपी. एकमेकांची तोंडओळखही नसलेल्या या भाषा एकाच शब्दाने हात धुतात! हा शब्द निघाला तरी कुठून?

त्याचा जुना ठळक उल्लेख सापडतो रोमन लेखक थोरल्या प्लिनीच्या ग्रंथात, इ.स. 77 च्या सुमाराचा. प्लिनी सांगतो की 'सापो' हा गॉल लोकांचा शोध. चरबी आणि राख यांपासून तो बनतो. चरबी शेळीची आणि राख बीच झाडाची असेल तर उत्तम. आणि त्याचा उपयोग? केस तांबूस करणं! जर्मन टोळ्यांत तर बायकांपेक्षा पुरुषच तो जास्त वापरतात, अशीही नोंद तो करतो. आंघोळीचं नावसुद्धा नाही. रोमन लोक तेव्हा अंगाला तेल चोळून धातूच्या वाकड्या पात्याने मळ खरवडून काढत.

म्हणजे शब्द मुळात लॅटिन नव्हे. बहुधा उत्तरेकडच्या जर्मानिक बोलींतला. इंग्रजी सोप आणि जर्मन झाइफं थेट त्या घरातले. फ्रेंच साव्हाँ मात्र लॅटिनच्या दारातून आला. तिसरी वाट पूर्वेची: ग्रीक आणि सिरियाक भाषांतून शब्द अरबीत पोचला आणि तिथे वस्तूचंही रूप पालटलं. शेळीची चरबी गेली, ऑलिव्हचं तेल आलं. पॅलेस्टाईनमधल्या नाब्लुस शहरात आजही तेल, पाणी आणि क्षार कढवून तयार झालेला लगदा कारखान्याच्या जमिनीवर ओततात. तो आळला की रेघा आखून वड्या कापतात, वर शिक्का उमटवतात, आणि मग त्या वड्यांचे माणसापेक्षा उंच, आतून पोकळ मनोरे रचतात, म्हणजे चहूबाजूंनी वारा खेळतो. 2024 मध्ये युनेस्कोने या कलेची वारसा म्हणून नोंद केली.

राख का लागते? राखेतल्या क्षारामुळे तेलाचे रेणू तुटतात आणि नवे रेणू तयार होतात. त्यांचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलकट मळाला, आणि पाणी मळाला ओढून नेतं. क्षारासाठीचा 'अल्कली' हा शब्दही अरबीच. 'अल्-किली' म्हणजे खाऱ्या जमिनीतल्या झुडपांची राख.

आपल्याकडे साबण पोर्तुगिजांनी आणला, असं अनेकदा सांगितलं जातं, कारण त्यांच्या भाषेतही 'सबांव' आहे. पण गुरू नानकांच्या 'जपुजी' या रचनेत साबण येतो. नानकांचा काळ 1469 ते 1539, आणि त्यांचा पंजाब गोव्यापासून शेकडो कोस दूर. त्यामुळे अरबी-फारसीची खुष्कीची वाट जास्त पटते. पुढे तुकोबांच्या अभंगातही साबण आहे. मराठीने या पाहुण्याच्या 'न'चा 'ण' केला आणि त्याला घरचं करून टाकलं. पोर्तुगीज-स्पॅनिश जहाजं हाच शब्द जपानला घेऊन गेली. तिथे साबणाला आता दुसरा शब्द रूढ आहे, पण साबणाच्या फुग्यांना जपानी मुलं अजून 'शाबोनदामा' म्हणतात.

साबण हे नाव येण्याआधी आपण मळके राहत नव्हतो. रिठा होताच. पाण्यात चोळला की फेस. चरबी नको, राख नको, कढवणं नको. रिठ्यातल्या फेस आणणाऱ्या द्रव्यांना शास्त्रज्ञ सॅपोनिन म्हणतात. रिठ्याच्या प्रजातीचं शास्त्रीय नाव सॅपिंडस, म्हणजे 'सापो' आणि 'इंडिकस' यांची जोड. तिची झाडं अमेरिकेतही आहेत, आणि तिथले मूळ रहिवासीही फळं चोळून कपडे धूत.

शब्द असे पसरतात ते कुणाच्या फर्मानाने नाही. वस्तू उपयोगी पडली की तिच्यासोबत नावही बाजारातून घरात येतं, आणि पिढ्या गेल्या की ते परकं होतं हे कुणाच्या ध्यानातही राहत नाही. म्हणून एखादा शब्द 'आपला' की 'त्यांचा' या वादापेक्षा तो कुणाकुणाच्या तोंडून इथवर आला, हे शोधण्यात कितीतरी जास्त आनंद आहे.