नाताळ : सुट्टीतला आणि गोठ्यातला

ऐन दिवाळीच्या अंकात नाताळाचा विषय कशाला, असे वाचक म्हणतील. पण आकाशकंदील उतरतो न उतरतो तोच आमच्या नगरच्या दुकानांतून कागदी तारे टांगले जातात आणि लाल डगल्यातला पांढऱ्या दाढीचा म्हातारा काचेआडून हसू लागतो. सणांची ही रांग दुकानदाराला एकच वाटते. आपल्यालाही ती तशीच वाटू लागली आहे का, एवढेच मला विचारायचे आहे.

मराठीचा मास्तर असल्यामुळे माझी सुरुवात शब्दापासून होते. ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीजांनी आणला. त्याचा अर्थ जन्म. मूळ लॅटिन शब्दाचे आणि आपल्या ‘जात’ या संस्कृत शब्दाचे कूळ एकच. म्हणजे नाताळ ही ख्रिस्ताची जन्माष्टमीच! पण इंग्रजी अमदानीत कोर्टकचेऱ्या या दिवसांत बंद राहू लागल्या आणि पांढरपेशा मराठी माणसाने या शब्दाला निराळाच अर्थ दिला: सुट्टी. राष्ट्रसभेचे पहिले अधिवेशन मुंबईत २८ डिसेंबर १८८५ रोजी भरले आणि पुढेही कित्येक वर्षे ती नाताळच्या आठवड्यात भरत असे, कारण वकीलमंडळी तेव्हा मोकळी असत. नाताळ म्हणजे माथेरानची सहल, क्रिकेटचा सामना, मामाचे गाव. जन्म कोणाचा, हे विचारण्याचे आपल्याला कारणच पडले नाही.

तो लाल डगलेवाला तरी कोण? चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातील मायरा गावी निकोलस नावाचे एक बिशप होते. गरिबांना गुपचूप मदत करणारे म्हणून त्यांच्या कथा सांगतात. त्यांच्या नावावरून सांताक्लॉज झाला. त्याची गुबगुबीत मूर्ती मात्र पुष्कळशी टॉमस नॅस्ट या अमेरिकन चित्रकाराच्या, १८६३ पासून निघालेल्या चित्रांतून घडली. गुपचूप देणारा साधू गेला आणि जाहिरातीत मिरवणारा आजोबा आला.

गंमत अशी की, ज्यांनी नगरला ख्रिस्ताची वार्ता आणली, त्यांच्या मायदेशी नाताळाचे कौतुक फारसे नव्हतेच. १८३१ च्या डिसेंबरात येथे आलेले अमेरिकन मराठी मिशनचे पाद्री प्युरिटन परंपरेतले. त्यांच्या मॅसॅच्युसेट्स प्रांतात १६५९ ते १६८१ या काळात नाताळ साजरा करणाऱ्याला दंड होई आणि नाताळची कायदेशीर सुट्टी तेथे १८५६ साली मिळाली. खाण्यापिण्याच्या धुंदीत देवाचा विसर पडतो, असे त्या कर्मठांचे म्हणणे. तेव्हा सण की चैन हा वाद आजचा नव्हे.

पण नगर जिल्ह्यातल्या खेड्यांनी त्या वार्तेतून जे घेतले, ते निराळेच होते. मिशनकडे वळलेल्यांत गावकुसाबाहेरचे महार-मांग पुष्कळ. त्यांच्या कानी गोष्ट पडली ती अशी: बाळंतपणाला आलेल्या बाईला उतारशाळेत जागा मिळाली नाही. मूल जन्मले ते गोठ्यात. त्याला निजवले गव्हाणीत. पहिली खबर गेली ती रानात मेंढरे राखणाऱ्यांना, राजवाड्याला नव्हे. ज्याला वेशीच्या आत जागा नव्हती, त्याला ही गोष्ट परकी कशी वाटावी? गव्हाण त्याने रोज पाहिलेली. जागा नाही हे उत्तर रोज ऐकलेले.

या गोष्टीला मराठी गळा दिला तो रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि पुढे नगर ही त्यांची कर्मभूमी झाली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. ज्या जिल्ह्यात नेवाशाला १२९० साली ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत आणली, तेथेच सहा शतकांनी टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात आणले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.

आमच्या शेजारी निवृत्त झालेल्या एक ख्रिस्ती शिक्षिका राहतात. त्यांच्याकडून नाताळचा फराळ येतो. करंज्या, चकल्या, शेव, सगळे आपलेच. केक तेवढा जास्तीचा. एकदा त्या म्हणाल्या, “सर, सगळे विचारतात, बाई, पार्टी कुठे? प्रार्थना किती वाजता, असं कुणी विचारत नाही.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते मला लागले.

मुलांनी तारा लावू नये, केक खाऊ नये, असे मी मुळीच म्हणत नाही. आनंदाला जकात नसावी. मात्र दुसऱ्याचा सण घरात आणताना त्याची गोष्टही आणावी. आणि आपण दिवाळीचे तरी काय केले आहे? बोनस, खरेदी आणि फटाके वजा केले तर हाती काय उरते, हा प्रश्न मी प्रथम माझ्याच घराला विचारतो. गोष्ट विसरलेला सण नुसता बाजार होतो, मग तो कोणत्याही धर्माचा असो.

ती गोष्ट शोधायला दूर जाणेही नको. दिवाळीच्या सुमारास पाथर्डी-शेवगावकडची ऊसतोड कुटुंबे बिऱ्हाड गाडीत घालून कारखान्यांच्या वाटेला लागतात. नाताळच्या थंडीत त्यांची वस्ती उसाच्या फडाजवळच्या कोपीत असते. त्यांत पोटुशी बायाही असतात. एखादे लेकरू तेथेच पाचटावर जन्म घेते. मरिया आणि योसेफही असेच, सरकारी शिरगणतीसाठी, घर सोडून वाटेला लागले होते.

या नाताळात मुलांसाठी तारा जरूर आणा. तो टांगताना ती गोष्ट सांगा, आणि फराळाचा एक डबा जवळच्या कोपीपर्यंत पोचवा. नाताळ साजरा करायला ख्रिस्ती असावे लागत नाही; पण जागा नाही असे कोणाला सांगितले गेले, याची आठवण मात्र असावी लागते.