मोरचूद, चुना आणि विळ्याचं पातं

निमगाव सावासारख्या गावातून कॉलेजला येत असाल, तर 'बोर्डो' हा शब्द तुम्ही केमिस्ट्रीच्या वर्गाआधी शिवारात ऐकलेला असणार. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस रेंगाळला की जुन्नर तालुक्यातल्या द्राक्षबागांना धसका असतो तो डाऊनीचा. मग पिंपात मोरचूद आणि चुना कालवला जातो. आणि आपण मात्र 'समीकरण संतुलित करा' असं दिसलं की पेपर उलटा ठेवतो!

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. त्यात दोन प्रकारचे बंध आहेत. तांबं आणि सल्फेट यांच्यात आयनिक बंध. सल्फेटच्या आत गंधक आणि ऑक्सिजन यांच्यात सहसंयुज बंध. पाण्यात टाकलं की पहिला सुटतो, दुसरा सुटत नाही. म्हणून निळ्या पाण्यात तांब्याचे आयन मोकळे फिरतात, सल्फेट मात्र अख्खंच राहतं. हे मोकळं तांबं बुरशीला मारतं, पण जास्त झालं तर कोवळं पानही जाळतं. चुना लागतो तो यासाठी.

तांब्याने दोन इलेक्ट्रॉन दिलेले असतात. चुन्यातल्या हायड्रॉक्साइडवर ऋण भार एकच. म्हणजे एका तांब्याला हायड्रॉक्साइड लागणार दोन, आणि भिजवलेल्या चुन्याच्या एका एककात ते बरोबर दोन असतात. त्यामुळे हे समीकरण आकडे न लावताच जुळतं:

कॉपर सल्फेट + कॅल्शियम हायड्रॉक्साइड → कॉपर हायड्रॉक्साइड + कॅल्शियम सल्फेट

(पिंपात प्रत्यक्षात याहून गुंतागुंतीचे क्षारही बनतात, पण सुरुवात इथूनच.) कॉपर हायड्रॉक्साइड पाण्यात जवळपास विरघळत नाही. ते पानाला चिकटतं आणि तांबं थोडं थोडं सोडत राहतं.

आता खरी मेख. एक टक्का बोर्डोचं जुनं माप आहे १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. समीकरणातही एकास एक, मापातही एकास एक. जुळलं? नाही! समीकरण कण मोजतं, किलो नाही. मोरचुदाचा रेणुभार साधारण २५०, भिजवलेल्या चुन्याचा ७४. म्हणजे १ किलो मोरचुदाला हिशोबाने सुमारे ३०० ग्रॅम चुना पुरतो. मग १ किलो का? कारण दुकानातला चुना शुद्ध नसतो. उघडा राहिला की हवेतला कार्बन डायऑक्साइड खाऊन त्याची चुनखडी होते, आणि ती इथे फारशी कामाची नाही. चुना कमी पडला तर बाग जळते, म्हणून हात सैल ठेवलेला.

ही गोष्ट सुरू झाली फ्रान्समध्ये. बोर्डोजवळच्या मेडॉक भागात चोरांनी द्राक्षं खाऊ नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडत. त्याच वेलींची पानं टिकलेली मिलार्डे या वनस्पतिशास्त्रज्ञाला १८८२ मध्ये दिसली. १८८५ मध्ये त्याने हा उपाय प्रसिद्ध केला.

चुना पुरला की नाही, हे बघायला लॅब लागत नाही. विळ्याचं घासलेलं पातं मिश्रणात थोडा वेळ बुडवा. तांबूस थर चढला, तर तांबं अजून मोकळं आहे: लोखंड विरघळून त्याच्या जागी तांबं बसलं. आणखी चुना घाला, पातं पुन्हा घासून बुडवा. आणि घरी कुणी लोखंडी बादलीत मोरचूद भिजवायला घेतलं, तर लगेच थांबवा. तिथेही हीच अभिक्रिया होणार, फक्त विळ्याऐवजी बादली जाणार.